तारवाचं दार: शिशुवर्गातल्या एका मुलाचं प्रकरण

बुधवार, २३ जुलै. रात्री साडेनऊच्या सुमारास छोटूच्या आईचा फोन आला. "ताई, हा घराचं दार लावू देत नाही हो. पाऊस आला की उंबऱ्यावर जाऊन बसतो. दार ओढायला गेलं की असा रडतो की शेजारचे बाहेर येतात. परवा दाराच्या फटीत चप्पल सरकवली आणि तिथेच झोपला." कधीपासून असं होतंय, म्हणून विचारलं. दोन-अडीच आठवडे झाले होते. आधी त्यांना वाटलं विजेला घाबरतो, मग वाटलं मोबाइलवर काहीतरी पाहिलं असेल. त्या दिवशी संध्याकाळी मात्र आईने दार लावताच तो म्हणाला, "देवाने लावलं तसं नको लावू."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कारण दार देवाने लावलं, हे त्याला मीच सांगितलं होतं.

छोटू हे त्याचं खरं नाव नव्हे. पुढे लिहिलंय ते सगळं मी त्याच्या आईवडिलांना वाचून दाखवलं आहे आणि त्यांच्या संमतीनेच इथे मांडते आहे. संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या बायबलवर्गात, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या ताया-दादांना याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी.

घर आणि वर्ग

छोटू तेव्हा चार वर्षं दोन महिन्यांचा होता. कोपरखैरण्यातल्या सिडकोच्या बैठ्या घरात आई, वडील, आजी आणि तो अशी चार माणसं. मूळचे नगर जिल्ह्यातले, आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, बरीच घरं तिकडचीच. वडील वाशीच्या भाजी मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितात, पहाटे तीनला घर सोडतात. आई घरीच शिवणकाम करते. छोटू आठवडाभर इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जातो. घरात मराठी, नर्सरीत इंग्रजी, गल्लीत हिंदी. रविवारी मात्र त्याच्या कानावर पडते ती पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, मराठी, आणि ती आणखी निराळी.

आमच्या मंडळीला स्वतःचं मंदिर नाही, रविवारी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो. उपासनेची पहिली गीतं झाली की लहान मुलं उठून शेजारच्या वर्गात येतात. प्रवचन संपेपर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं ती माझ्या ताब्यात. तेव्हा शिशुवर्गात अकरा मुलं होती. एक सतरंजी, खडूंचा डबा आणि माझ्याही आधीपासून मंडळीत असलेला फ्लॅनेलचा फळा, ज्यावर कापडी चित्रं चिकटवत गोष्ट सांगायची.

वर्षाचे पाठ आम्ही शिक्षक मे महिन्यात बसून ठरवतो. मोठ्या मुलांचा आणि शिशुवर्गाचा पाठ एकच ठेवायचा, म्हणजे घरी भावंडांना एकत्र बोलता येईल, अशी आमची जुनी पद्धत. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या ते नवव्या अध्यायातली नोहाची गोष्ट तीन रविवारांत विभागली होती: पहिल्या रविवारी तारू बांधणं, दुसऱ्या रविवारी प्राणी आणि पाऊस, तिसऱ्या रविवारी कबुतर आणि मेघधनुष्य. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ही विभागणी छान जमते. त्यांना गेल्या रविवारचं आठवतं, पुढच्याची वाट पाहता येते.

पहिला रविवार, २९ जून, फारच रंगला. तारू म्हणजे काय हे एकालाही माहीत नव्हतं. मोठ्ठी होडी, वर छप्पर, आत तीन मजले, एक खिडकी आणि एकच दार, असं सांगितलं. तीनशे हात लांब म्हणजे किती, हे बघायला आम्ही कॉरिडॉरमध्ये कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत निघालो. मुलांचे इवलेसे हात, तरी चाळीस-पन्नासातच कॉरिडॉर संपला. "तारू शाळेच्या बाहेर जाणार!" म्हणून छोटूच सगळ्यात मोठ्याने ओरडला होता.

दुसऱ्या रविवारी, ६ जुलैला, प्राणी आत चढवले. हत्तीची जोडी, माकडांची जोडी, प्रत्येकाचा आवाज काढत. मग सांगितलं की नोहा, त्याची बायको, त्याचे मुलगे शेम, हाम, याफेथ आणि तिघांच्या बायका अशी आठ माणसं आत गेली आणि देवाने स्वतः दार लावलं. सातव्या अध्यायात अगदी तसंच आहे. फळ्यावरच्या तारवाला कापडी झडप आहे, ती मी जोरात दाबली, "धाड!" मुलं दचकली आणि खिदळली. मग पाऊस. लोक फार वाईट वागत होते, देवाचं ऐकत नव्हते, म्हणून हा पाऊस आला, असंही सांगितलं. शेवटी बंद दाराचं तारू रंगवायला दिलं आणि म्हटलं, "उरलेली गोष्ट पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी शाळेने त्या वर्गात कसल्याशा परीक्षेचे बाक मांडून ठेवले होते. वर्ग मिळाला नाही, मुलं आईवडिलांपाशीच बसली. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही मेघधनुष्याचा पाठ घेतला. त्या दिवशी छोटू सर्दीतापाने घरी होता. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे मी फुली मारली आणि पान उलटलं.

पहिली भेट, आणि माझी चूक

फोननंतर शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. ती नेमकी २६ जुलै होती. दार सताड उघडं आणि पावसाची झड थेट आतल्या लाद्यांवर येत होती. फ्रिजवर ते रंगवलेलं तारू लावलेलं होतं. खिडकी काळ्या खडूने गिरवून गिरवून बुजवून टाकलेली, कागद फाटायच्या बेताला आलेला.

आजींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आज सव्वीस जुलै, नाही का?" आणि त्यांनी २००५ ची गोष्ट सुरू केली. ज्या मंगळवारी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी हे कुटुंब कळव्याला चाळीत तळमजल्यावर होतं. दुपारी गटाराचं पाणी वर आलं, मग मोरीतून घरात, मग खाटेपर्यंत. धान्याची कोठी तरंगायला लागली. वीज गेली, काळोख पडला. "असं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं," असं म्हणून आजी थांबल्या आणि कप भरायला उठल्या. छोटू उंबऱ्यावरून ऐकत होता. ही गोष्ट त्याने आधीही बरेचदा ऐकली असणार.

मला वाटलं, उपाय सोपा आहे. त्याचं मेघधनुष्य राहिलंय, ते देऊन टाकू. मी त्याला जवळ घेतलं आणि पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले: चाळीस दिवस पाऊस पडला, मग थांबला, मग कबुतर जैतुनाचं पान घेऊन आलं, मग आकाशात धनुष्य दिसलं, देवाने वचन दिलं की पुन्हा असा पूर येणार नाही. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "चाळीस म्हणजे किती?"

त्याच्या वडिलांनी भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं. रोज एक खूण करायची, चाळीस खुणा झाल्या की संपलं. छोटूला हे एकदम पटलं. त्या रात्री त्याने दार लावू दिलं. आईचा मेसेज आला, "प्रभूची स्तुती असो, झोपला." मीही निर्धास्त झाले.

चाळिसावी खूण ३ सप्टेंबरला पडली. शेजारच्या गल्लीत गणपतीची आरती चालू होती आणि पाऊस असा कोसळत होता की आरतीचे शब्द कळत नव्हते. छोटू कालनिर्णयासमोर उभा राहिला, मग खिडकीपाशी गेला, मग परत कालनिर्णयापाशी. आणि जो रडायला लागला तो उलटी होईपर्यंत. मी सांगितलेला हिशेब खोटा निघाला होता.

आई दुसऱ्या दिवशी फोनवर फार शांतपणे बोलली. "ताई, थोडे दिवस त्याला संडे स्कूलला नको पाठवायला. मोठा झाला की येईल." त्यात राग नव्हता. पण तिचं म्हणणं मला लागलं, कारण तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

स्टीलचा डबा

मी आठवडाभर बालवाडीत शिकवते, चौदा वर्षं झाली. बालवाडीचं रोप याच ठाणे जिल्ह्याच्या मातीत रुजलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत तिथे राबल्या. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ती ठाण्यातच होती. मूल जिथे असेल तिथे, त्याच्या अंगणात शाळेने जायचं, हा त्यांचा धडा मी रोज वापरते. रविवारी मात्र मी संडे स्कूलची टीचर होते आणि मुलाने माझ्या पाठाच्या तक्त्यात बसावं अशी अपेक्षा करत होते. संडे स्कूल मुळात मोठ्या मुलांसाठी निघाली. १७८० मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट राइक्स यांनी ती चालवली, ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. पाठ, मुखपाठ, प्रश्नोत्तरं, बक्षिसं हा सगळा साचा त्या वयाचा आहे. त्यात चार वर्षांचं मूल आपण नंतर आणून बसवलं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा ठरवून गेले की या वेळी काही सांगायचं नाही. जमिनीवर बसले. छोटू प्लॅस्टिकच्या प्राण्यांशी खेळत होता. वडिलांचा जुना स्टीलचा जेवणाचा डबा हे त्याचं तारू. गाय, घोडा, एक पाय तुटलेला जिराफ, दोन कोंबड्या, सगळे दाटीवाटीने आत. झाकण मात्र पूर्ण बसू नये म्हणून त्याने कडेला एक चमचा तिरका अडकवून ठेवला होता. झाकण घसरून बसायला लागलं की तो खेळ थांबवून आधी चमचा नीट करायचा.

डब्याबाहेर दोन बाहुल्या आणि एक पोलीस पडलेला होता. मी फक्त विचारलं, "हे कोण?"

"बाहेरचे."

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "टीचर, देवाने दार लावलं ना, मग बाहेरच्यांनी टकटक केलं असेल."

मी काहीच बोलले नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पुढे म्हणाला, "मी दूध सांडलं होतं. त्या दिवशी पण पाऊस आला."

दोन महिने आम्ही ज्याला पावसाची भीती म्हणत होतो, तिचे धागे त्या चमच्यापाशी बसून सुटे झाले. एक म्हणजे ही गोष्ट त्याच्यासाठी ६ जुलैलाच थांबली होती. मोठ्या माणसाला 'पुढच्या रविवारी' म्हटलं की तो मनातल्या मनात पूर्णविराम राखून ठेवतो. चार वर्षांच्या मुलाला पुढचा रविवार नसतोच. जे आज शेवटी दिसलं तोच शेवट. त्याच्यापुरतं दार बंद होतं, बाहेर पाणी होतं, आणि आत कोण आणि बाहेर कोण एवढाच प्रश्न उरला होता. मी नंतर पाच मिनिटांत तोंडी दिलेलं मेघधनुष्य त्या धाड आवाजापुढे टिकण्यासारखं नव्हतंच.

दुसरा धागा दुधाचा. लोक वाईट वागले म्हणून पाऊस आला, हे मी सांगितलेलं वाक्य. या वयाचं मूल कोणत्याही गोष्टीचं कारण स्वतःपासून शोधायला लागतं. दोन ते सात वर्षांच्या मुलांच्या विचाराबद्दल जाँ पियाजे यांनी हेच मांडलं. वाईट वागलं की पाऊस येतो, मग पाऊस आलाय म्हणजे मी वाईट वागलो असणार. आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर मुलाने रोज काहीतरी सांडलेलंच असतं, आणि पाऊसही रोजचाच.

तिसरा आजींचा. त्यांची सव्वीस जुलैची गोष्टही पाण्यापाशीच थांबत होती. म्हणून मी त्यांनाच विचारलं, "आजी, मग पुढे काय झालं? तुम्ही बाहेर कशा पडलात?" त्या चकित झाल्या. "अगं, वरच्या मजल्यावरच्या बाईने हाक मारली ना. दार उघडून जिन्यावर उभी होती कंदील घेऊन. आम्हाला वर घेतलं. चार दिवस तिच्याकडेच होतो, खिचडी खाऊन. ती आपल्यातली नव्हती, पण सख्ख्या बहिणीसारखं केलं." हे त्यांनी घरात कधी सांगितलंच नव्हतं, कारण मोठ्यांना ते माहीतच होतं. छोटू प्राणी खाली ठेवून आजीकडे बघत राहिला. "तिने दार उघडलं?" त्याने दोनदा विचारलं.

पाणी ओसरताना

त्या रात्री मी उत्पत्तीचे चारही अध्याय पुन्हा सलग वाचले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, तरी एक गोष्ट मला पहिल्यांदाच दिसली. देवाने दार लावलं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दार उघडल्याचं वेगळं वाक्य मात्र नाही. नोहाने तारवाचं छप्पर काढून बाहेर पाहिलं आणि मग देवाने सांगितलं की तू, तुझी बायको, तुझे मुलगे आणि सुना, सगळे बाहेर या. बहुधा म्हणूनच आपण सांगणारे दार बंद करतो जोरात आणि उघडायचं विसरतो. आमच्या फ्लॅनेलच्या संचात उघड्या दाराचं तारू नाहीच. बंद तारू आहे, आणि मग एकदम डोंगरावरचं मेघधनुष्य.

आणखी एक. चाळीस दिवस हा फक्त पडणाऱ्या पावसाचा काळ. पाणी दीडशे दिवस पृथ्वीवर राहिलं आणि आत जाण्यापासून बाहेर येण्यापर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला. मी त्याला चाळिसाचा आकडा धरून दिला आणि गोष्टीतला सगळ्यात मोठा भाग, ओसरण्याची वाट पाहणं, तो गाळला. आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला देवाने नोहाची आणि सगळ्या प्राण्यांची आठवण केली, असं वाक्य आहे. तिथून पाणी उतरायला लागतं. मला शिशुवर्गासाठी गोष्टीचं काळीज तिथे सापडलं.

पुढच्या शनिवारी छोटूच्या घरच्या मोरीत आम्ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत केली. आईने मोठा टब दिला. डबा तरंगवला. झाकण लावायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, हे दार देवाने लावलं ते आत पाणी येऊ नये म्हणून. तो चमचा काढायला तयार झाला नाही. मी आग्रह केला नाही, चमच्यासकट तारू निघालं. तांब्याने पाऊस पाडला. मग थांबलो. "आता देवाला नोहाची आठवण आली," मी म्हटलं, आणि छोटूने टब कलंडला. पाणी मोरीच्या जाळीतून गुरगुरत गेलं. तो जाळीला डोळा लावून शेवटचा थेंब जाईपर्यंत बघत बसला. डबा लादीवर टेकला. "आता देव काय म्हणाला?" "बाहेर या." त्याने झाकण उघडलं आणि एकेक प्राणी बाहेर काढून ओळीने उभा केला. मग म्हणाला, "परत." त्या दुपारी आम्ही नऊ वेळा केलं. सहाव्या की सातव्या वेळी त्याने चमचा स्वतःहून बाजूला ठेवला.

बाहेरच्यांचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला. पोलीस आणि बाहुल्या टबाच्या काठावर होत्या. मी खरं तेच सांगितलं: हो, बाहेर माणसं होती. देवाला मनातून फार दुःख झालं होतं, हे बायबलमध्येच लिहिलंय. बाकी सगळं मलाही समजत नाही, मीही देवाला विचारते. तो म्हणाला, "मग आजीच्या वरच्या बाईकडे जाऊ देत." आणि तिघांना उचलून गॅसच्या ओट्यावर ठेवलं. ते मी दुरुस्त केलं नाही. आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, नंतर सांगितलं तेव्हा तेही म्हणाले, राहू द्या.

दुधाचं मात्र स्पष्ट सांगावं लागलं, आणि आईने सांगितलेलं जास्त लागलं. "तू दूध सांडलंस तर फडकं आणायचं. पाऊस ढगातून येतो, तुझ्या दुधामुळे नाही." पुढचा महिनाभर ती हे रोज म्हणत होती.

मग वडिलांना एक गोष्ट सुचली. मंडळीतले एक दादा महापालिकेच्या पावसाळी पंपांवर काम करतात. नवी मुंबईची बरीच जमीन खाडीच्या भरतीच्या पातळीच्या आसपासची. म्हणून सिडकोने शहर वसवतानाच खाडीकाठी मोठे धारण तलाव ठेवले, ज्यांना सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात. नाल्यांतून आलेलं पावसाचं पाणी त्यात साठतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपेची दारं असतात. भरतीला खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप बंद होते आणि समुद्र शहरात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर जास्त होतो, झडप उघडते आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. एका रविवारी उपासनेनंतर हे दादा बापलेकांना वाशीच्या तलावाच्या काठावर घेऊन गेले, ओहोटीची वेळ बघून.

मी सोबत नव्हते. वडिलांनी सांगितलं ते असं: छोटू कठड्याला नाक लावून बराच वेळ उभा होता. दादांनी त्याला दोन्ही तळहात जोडून दार कसं लागतं आणि कसं उघडतं ते दाखवलं. मग तो म्हणाला, "हे दार पाण्याला बाहेर ठेवायला लागतं." आणि थोड्या वेळाने, "मग उघडतं." घरी येताना रिक्षात त्याने वडिलांचे हात धरून किती वेळा उघडमीट केली याची मोजदाद नाही.

त्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा घराचं दार त्यानेच लावलं. कडी मात्र घालू दिली नाही. ऑक्टोबर उजाडेपर्यंत कडीही लागायला लागली.

बैठकीत

हे सगळं मी शिक्षकांच्या बैठकीत मांडलं. मागणी एवढीच होती: शिशुवर्गाचा पाठ मोठ्या मुलांपासून वेगळा करा, या वयाला गोष्ट तुकड्यात देऊ नका, आणि नोहाची गोष्ट भर पावसाळ्यात सांगू नका. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातले एक काका अस्वस्थ झाले. "वचनातलं गाळायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, बाई? आम्ही लहानपणी सोदोम-गमोरा ही नगरं आगीत जळाल्याचं ऐकलं, काही बिघडलं नाही आमचं." त्यांची काळजी मी समजू शकते. आम्ही मूठभर आहोत, मुलं इंग्रजीत वाढताहेत, शास्त्र हातातून निसटेल ही भीती मलाही आहे.

पाळकसाहेबांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायाची आठवण दिली. प्रभू येशू स्वतःच्या शिष्यांना, मोठ्या बाप्यांना म्हणतो की अजून पुष्कळ सांगायचं आहे, पण आत्ता तुम्हाला ते सोसवणार नाही. गाळण्याचा प्रश्न नाही, कधी आणि कसं एवढंच ठरवायचं आहे, असं ते म्हणाले. काका गप्प झाले, पटलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका शिक्षिकेला अजूनही वाटतं की एका हळव्या मुलावरून आपण सगळा तक्ता बदलला. तिलाही मी एवढंच सांगितलं की छोटू बोलला म्हणून कळलं. उरलेल्या दहांपैकी कोण काय घेऊन घरी गेलं हे मला माहीत नाही, आणि त्याची मला आजही रुखरुख आहे.

पाठ बदलला. आता नोहा नोव्हेंबरात येतो, एकाच रविवारी, अख्खा. फळ्यावरच्या तारवाची झडप मी उसवली आणि बटण लावून शिवली, म्हणजे ती उघडते. प्रत्येक मूल एकदा उघडतं, मगच घरी जायचं. लोकांच्या वाईटपणाचं वाक्य शिशुवर्गात मी पावसाला जोडत नाही. ते मोठ्या वर्गात येईल तेव्हा त्यांच्याकडे प्रश्न विचारायला शब्द असतील. रविवारी दुपारी पालकांच्या ग्रुपवर मी दोन ओळी टाकते: आज कोणती गोष्ट झाली, ती कुठे संपली. कोणी गैरहजर असेल तर आठवड्यात फोनवर ती गोष्ट शेवटापर्यंत सांगते. यात वेळ जातो. पाच मिनिटांचं काम कधी अर्ध्या तासाचं होतं, कारण मूल मध्येच त्याच्या नव्या बुटांबद्दल सांगायला लागतं. चालतं.

हरवलेल्या मेंढराची गोष्टही आता आम्ही पावसाळ्यानंतर घेतो, पण त्याचं कारण वेगळं. कापणी झाली की घाटावरचे धनगर कळपं घेऊन कोकणात उतरतात, पनवेल-उरणकडच्या मोकळ्या शेतांत मेंढ्या बसतात. गेल्या डिसेंबरात आम्ही पाच मुलांना घेऊन गेलो. मेंढपाळ हा शब्द मी तिथे न समजावताच मुलांना समजला.

छोटू आता पाच वर्षांचा झालाय. पहिल्या वळवाला त्याने दाराकडे एकदा पाहिलं, असं आई म्हणाली, आणि मग खेळायला लागला. गेल्या रविवारी वर्ग सुटल्यावर तो माझ्यापाशी रेंगाळला. कबुतराच्या आधी नोहाने एक कावळा सोडला होता, हे त्याला घरी आजीने वाचून दाखवलं होतं. "टीचर, कावळा परत का नाही आला?" मी म्हटलं, तो पाणी आटेपर्यंत इकडेतिकडे उडत होता, एवढंच लिहिलंय. "मग तो बसला कुठे? खाल्लं काय?" मला सांगता आलं नाही. आईने फोनवर सांगितलं, त्या दिवसापासून तो रोज सकाळी पोळीचा तुकडा खिडकीच्या कठड्यावर ठेवतो, आणि खिडकी थोडी उघडी.